उजव्या पाकळीची साक्ष

१. पिशवीतलं पंचांग

गुरुवारी दुपारी पावणेएकला गुरुप्रसाद गोदूबाईच्या खानावळीत चपला घालूनच शिरला. एकोणतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. गोदूबाईच्या हातातली पळी कालवणावर जिथल्या तिथे थांबली. मालवणच्या मेढा भागात आजही सांगतात, की त्या दिवशी कालवणाला आलेली उकळीसुद्धा थांबली होती. ते खरं असो नसो, पळी मात्र थांबली.

"गोदूबाय, वही गेली."

"खंयची वही?"

"बँकॉकची."

साठीचा माणूस, बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेला, कपाळावर घाम आणि हातात कापडी पिशवी. त्याने पिशवी टेबलावर उलटी केली. आतून पडलं गेल्या सालचं पंचांग.

"ह्या वहीच्या जागी ठेवल्यान कोणीतरी. वजन तसाच, जाडी तशीच. मंगळवारपासून पिशवी खुंटीक होती. मी रोज हात लावून बघी होतंय, आसा म्हणान. आज उघडलंय."

"आणि पासपोर्ट?"

"वहीच्या कव्हरात. दोघांचे."

दोघांचे म्हणजे गुरुप्रसादचा आणि धोंडूचा. धोंडू देवगडकडचा आंबेवाला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पेट्या पोचवायला मालवणात आला, गुरुप्रसादच्या घरी एक रात्र राहिला आणि ती रात्र अजून संपलेली नाही. गाव त्यांना 'बँकवाले दोघे' म्हणतं. धोंडूने बँकेत पासबुक भरून घेण्यापलीकडे काही केलेलं नाही, तरी तोही बँकवालाच. गावाने याहून जास्त कधी विचारलं नाही आणि या दोघांनी याहून जास्त कधी सांगितलं नाही.

गुरुप्रसादचा थोरला भाऊ नाना मेलबर्नला असतो. त्याने बोलावलं होतं, दोघांनी या, हवं तितकं राहा. वाटेत विमान बँकॉकला बदलायचं. अक्षयाने, म्हणजे बसस्टँडजवळच्या तिकिटांच्या दुकानातल्या मुलीने, विचारलं, "काका, मध्ये अडतीस तास थांबायचं का?" त्या दिवसापासून गुरुप्रसाद वेडा झाला. सहा महिने तो त्या अडतीस तासांची वही लिहीत होता. नदीकाठचं हॉटेल बरं की छपन्नाव्या मजल्यावर तलाव असलेलं? जिथे पुरुष पुरुषाचा हात धरून नाचतात आणि कोणी मान वळवून बघत नाही, ती गल्ली हॉटेलपासून किती लांब? कोणत्या नाचघरात तरुण पोरं जातात, कोणत्यात केस पांढरे झालेले? सगळं आखून, लाल शाईने अधोरेखित करून.

गाडी उद्या चारची, कुडाळहून. शनिवारी पहाटे मुंबईहून विमान.

"पोलिसांत जातंय," गुरुप्रसाद म्हणाला.

"जा. ते पयला इचारतले, वहीत काय लिवलेला होता."

गुरुप्रसाद बाकावर बसला. मग हळूच वाकून त्याने चपला काढल्या.

"उद्या दुपारपर्यंत माका येळ दी," गोदूबाई म्हणाली. "आणि जेव आदी."

तिने ताट वाढलं. सुरमईची मधली तुकडी, नेहमीसारखी. तेवढ्यात धोंडू आला, बाकावर बसला. त्याच्या ताटात ती शेपटाची तुकडी ठेवणार, तर त्याने हात आडवा धरला.

"माका आमटी-भात पुरे."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं. मंगळवारीही आमटी-भात, कालही आमटी-भात. बुधवारी मासळी नाकारणारा माणूस मालवणात एकतर आजारी असतो नाहीतर पाहुणा. धोंडू दोन्ही नव्हता.

दोघे जेवून गेल्यावर तिने रिकामी पिशवी उलटीपालटी केली. शिवणीत एक पिवळी काडी अडकली होती. भाताच्या पेंढ्याची. ती तिने चिमटीत धरून हुंगली आणि कनवटीला लावली.

२. रिकामा रकाना

आता गोदूबाईविषयी. तिला मूल नाही, नवरा नाही, आणि नवरा का नाही याची गोष्ट तिच्याकडे जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी तिचा भाऊ गुरुप्रसादच्या घरी तिचं स्थळ घेऊन गेला. गुरुप्रसादने नम्रपणे नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नव्या खानावळीत जेवायला येऊन बसला. तेव्हापासून रोज. पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर धोंडू आला. त्या दिवसापासून मधली तुकडी एकाला आणि शेपूट दुसऱ्याला. शेपटाला काटे जास्त. हे तिने ठरवून केलं असं कोणी म्हणू शकणार नाही, पण अठ्ठावीस वर्षं हात चुकतही नाही.

तिच्या नाकाची ख्याती वेगळीच. राधाबाईची नथ कोणी उचलली हे तिने पंगतीत बसलेल्यांनी बांगड्याचा काटा ताटात कसा ठेवला त्यावरून ओळखलं होतं. काटा ज्याने भाताखाली लपवला, नथही त्यानेच लपवली होती.

अक्षयाच्या दुकानात पंखा होता आणि भिंतीवर जगातल्या शहरांची चित्रं. अक्षया संगणकामागून उठली.

"गोदूबाय, तुम्ही? कुठे जायचंय?"

"खंय जावचा नाय. मंगळवारी तू गुरूकडे गेललंस?"

"हो, अकराला. तिकिटांचे कागद वहीत चिकटवायला. काका चहा करत होते, वही मीच पिशवीत ठेवली." तिने तोंड वाकडं केलं. "काकांचा फोन आला होता. मी चोरली असं वाटतंय का? खरं सांगू, मनात आलं होतं. सहा वर्षं लोकांना टबवाल्या खोल्या शोधून देतेय. स्वतः कुडाळच्या लॉजपलीकडे गेले नाही. काका विचारतात, उशा किती असतात गो? मला रडू येतं."

"मगे चोरूक कित्याक नाय?"

"त्यातल्या तिकिटांवर माझं नाव नाही ना. गेले तरी मला आत सोडणार नाहीत."

हे उत्तर गोदूबाईला पटलं. मत्सर तिला ओळखू येत होता, आणि हा उघड्यावर वाळत घातलेला मत्सर होता. असा माणूस चोरी करत नाही.

"थंय आणखी काय बघलंस?"

"काही नाही. चहा पिऊन निघाले तर धोंडूकाका मागच्या खोलीच्या दारात उभे होते. म्हटलं, एक हापूस द्या. म्हणाले, अढी अजून पिकली नाय. आणि घरभर वास असा सुटलेला, की माझ्या केसांना संध्याकाळपर्यंत येत होता!"

गोदूबाईचा हात कनवटीकडे गेला. अढी म्हणजे पेंढ्यात आंबे पिकवायला घालतात ते अंथरूण. धोंडू आपली अढी दिवसातून दोनदा उलटतो, तान्ह्या पोराची कूस बदलावी तशी. एकही आंबा तो जास्त पिकू देत नाही.

निघताना तिने सहज विचारलं, "परतीचा तिकीट कधीचा?"

अक्षया गडबडली. "ते... काढलंच नाही. काका म्हणाले, परतीचा रकाना मोकळा ठेव. आवडलं तर राहू."

गोदूबाई उन्हात आली. मे महिन्याचं ऊन, पण तिच्या पायांना गार वाटलं.

३. पांढऱ्या केसांचा प्रश्न

मंगेश आधी मुंबईत मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षावर होता. पस्तिशीचा, देखणा, हल्ली गावी परतून तारकर्लीच्या वाटेवर पाच खोल्यांचं निवास काढलेला. बँकॉकच्या गल्ल्यांची नावं गुरुप्रसादला त्यानेच दिली. रोज संध्याकाळी फोन, फोनवर हसणं. धोंडू तेव्हा अंगणात जाऊन पेट्या ठोकत बसायचा. ज्या पेट्या आधीच ठोकलेल्या असत त्याही.

"माझ्यावर संशय येणारच," मंगेश म्हणाला आणि तिच्यासमोर सरबताचा पेला ठेवला. "मी ही सहल चार वर्षांपूर्वी आखली होती, गोदूमावशी. तेच हॉटेल, त्याच गल्ल्या. मग माझा तो दुसऱ्याबरोबर गेला. फोटो टाकले. तलावात पाय सोडून बसलेले दोघे. गुरूकाकांना मी नावं सांगत होतो तेव्हा प्रत्येक नावापाशी तो फोटो आठवायचा."

"मगे सांगलंस कित्याक?"

"कोणीतरी नीट जावं म्हणून." त्याने ओल्या पेल्याखाली कागद सरकवला. "मी सोमवारपासून इथून हललो नाही, दोन खोल्या भरल्यात. पण एक सांगतो. सोमवारी धोंडूकाका इथे आले. पहिल्यांदाच. याच खुर्चीत बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. विचारलं, थंय जे जातत, ते म्हाताऱ्यांशी बोलतत काय?"

"तू काय सांगलंस?"

"मला वाटलं, त्यांना भीती वाटतेय की आपल्याला कोणी विचारणार नाही. धीर द्यायला म्हटलं, काका, खूप बोलतात. पांढरे केस तर आवडतात तिथे." मंगेशचा चेहरा पडला. "त्यांनी स्वतःबद्दल विचारलंच नव्हतं, ना?"

धोंडूला टक्कल होतं. पांढरे, दाट, नीट विंचरलेले केस गुरुप्रसादचे.

गोदूबाईने सरबत एका घोटात संपवलं. चोर तिला कळला होता. वही कुठे आहे तेही कळलं होतं. आणि परतीच्या वाटेवर तिच्या मनात जो विचार आला, तो तिने आयुष्यात कधी कोणाला सांगितला नाही. वही सापडली नाही, तर उद्याही गुरुप्रसाद पावणेएकला जेवायला येईल.

४. अढी

बँकवाल्यांचं घर उघडंच होतं. गुरुप्रसाद अक्षयाकडे गेला होता, धोंडू टेम्पोवाल्याकडे. मागच्या खोलीचं दार लोटताच वास अंगावर आला. आंबट, गोड, वर चढलेला. दोन दिवस कोणी न उलटलेल्या अढीचा वास.

तिने पेंढा बाजूला केला. वरचे आंबे लोण्यासारखे झाले होते, एकाला तर बुरा आला होता. हात कोपरापर्यंत आत गेला आणि मेणकापडाला लागला.

वही. कव्हरात दोन निळे पासपोर्ट.

ती तिथेच जमिनीवर बसली. चुलीत घालायला किती वेळ लागतो? वहीला पळभर, पासपोर्टांना जरा जास्त. धोंडू कधी बोलणार नाही, कारण त्याला बोलता येणार नाही. चोराच्या हातून चोरी झाली तर चोर ओरडणार कसा?

तिने वही उघडली. अधिक जळायला काहीतरी हवं असतं माणसाला.

'हॉटेल क्र. १. दिसायला भारी. टबाची कड उंच, धों.चा गुडघा चढणार नाही. बाद.'

'हॉटेल क्र. ३. नदीकाठी. टबाला धरायला दांडी आहे. नाश्त्याला भात मिळतो. हेच.'

'पहिली रात्र, साडेनऊ. सिलोमच्या गल्लीतलं नाचघर. गाणी जुनी, आवाज बेताचा. खुर्च्या आहेत (मंगेशने खात्री केली). धों. नाचणार नाही म्हणेल. दोनदा विचारणे.'

दोनदा विचारणे. तिने ते तीनदा वाचलं. एकोणतीस वर्षांपूर्वी तिच्या भावाने गुरुप्रसादला एकदाच विचारलं होतं. पण दोनदा विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं, हे तिला आत्ता, या आंब्यांच्या वासात बसून, पहिल्यांदा पक्कं कळलं.

शेवटच्या पानावर सामानाची यादी होती. खाली, बारीक अक्षरात: 'हॉटेलातल्या साबणाच्या छोट्या बाटल्या, न वापरता आणणे. गोदूबाय.'

"थंय कोण आसा?"

दारात धोंडू उभा होता. तिच्या मांडीवरची वही बघून तो उंबऱ्यावर बसला.

"कसा कळला तुका?"

"पिशवेत पेंढ्याची काडी गावली. अक्षयाक तू कच्चे सांगलंस आणि वास तिच्या केसात गेलो. तुझी अढी कधी असा कुसता काय? आणि तीन दिस म्हावरा नाय. तुमच्या घराण्याची रीत माका म्हायत आसा, धोंडू. देवाकडे गोष्ट घातली की ती पुरी होयसर मासळी तोंडात घालणत नाय. देवाक काय इचारलंस?"

धोंडूने डोळे पुसले. साठीला आलेला, बैलासारखा माणूस, आणि रडताना आवाज पोराचा.

"मंगळवारी रवळनाथाकडे गेललंय. पाषाणार कौलाचे पाकळ्ये लावलेले होते. हात जोडलंय. म्हटलंय, देवा महाराजा, थंय गेल्यार गुरूचा मन दुसऱ्या कोणार बसतला काय? आसात तर उजवी दी." त्याने तळहात उलटा केला. "तोंडातसून शब्द पडलो, आणि उजवी पडली. पटकन. जशी काय वाटच बघी होती."

गोदूबाईने वही मिटली.

"मंगळवारी किती वाजता?"

"आठ वाजून गेलले. कित्याक?"

ती उठली. वही मेणकापडात गुंडाळून पदराखाली धरली. "उद्या जेवूक या. दोघाय. तोपर्यंत तू तोंड उघडू नको."

"खंय चललंस?"

"देवळात."

५. शिवा गुरवाचा चहा

मंगळवारी सकाळी गोदूबाई स्वतः देवळात गेली होती, हे आतापर्यंत सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे तिनेच कोणाला सांगितलं नव्हतं. साडेसातला ती गेली, शिवा गुरवाकडून कौल लावून घेतला, मनातला प्रश्न मनातच विचारला आणि अर्धा तास उभी राहिली. दोन्ही पाकळ्या पाषाणाला डकल्यासारख्या. बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होणार होता, आणि लिलाव देवासाठीही थांबत नाही. ती उत्तर न घेताच निघाली.

शिवा पायरीवर बसून फोनवर रील बघत होता.

"शिवा, मंगळवारी मी गेल्यार पाकळ्ये काडलंस?"

"खंयचे पाकळ्ये?"

"माझे. कौलाचे."

शिवाने फोन उलटा ठेवला. कौलाची रीत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकाचा प्रश्न अर्धवट राहिला, तर गुरवाने पाकळ्या काढायच्या, पाषाण धुवायचा, आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला नव्या ओल्या पाकळ्या लावायच्या. जुन्या पाकळीला दुसऱ्याने प्रश्न विचारला, तर देव आधीच्या माणसाचं उत्तर देतो.

"तू गेलंस, मी चाय पिऊक गेलंय," शिवा पुटपुटला. "म्हटलंय, लिलाव झालो की तू परत येतलंस. परत इलंय तर उजवी खाली पडलेली. माका वाटला, वाऱ्यान."

"मदी कोण येवन गेलो?"

"माका काय म्हायत? मी चाय पी होतंय!"

"धोंडू येवन गेलो, मेल्या. माझे पाकळ्येर आपलो प्रश्न टाकून गेलो."

शिवाने जीभ चावली. "म्हणजे उजवी तुझी. त्येची न्हय." मग त्याचे डोळे बारीक झाले. "गोदूबाय, तू काय इचारललंस गो?"

गोदूबाई पायऱ्या उतरली. हाच प्रश्न उद्या धोंडूही विचारणार होता. कोणाचा कौल, ते सांगितलं की काय विचारलं, तेही सांगावं लागतं. त्याशिवाय धोंडूच्या मनातली ती पाकळी निघणार नव्हती. वही नुसती परत दिली, तर तो विमानात बसेल आणि अडतीस तास गुरुप्रसादच्या केसांवर पहारा ठेवेल.

चुलीचा विचार अजून पुरता गेला नव्हता. पदराखाली वही जड लागत होती.

६. मधली तुकडी

शुक्रवारी पावणेएकला दोघे आले. गुरुप्रसादने चपला बाहेर काढल्या होत्या, पण डावी-उजवी उलट ठेवल्या होत्या. गोदूबाईने खानावळीचं दार आतून लावून घेतलं. चुलीवर तवा तापत होता.

तिने वही टेबलावर ठेवली.

गुरुप्रसाद उठून उभाच राहिला. "खंय गावली? कोणी नेलल्यान?"

"बस. चोर दोन आसत," ती म्हणाली. "एक ह्यो धोंडू."

धोंडूने मान खाली घातली. गुरुप्रसाद परत बाकावर बसला.

"आणि दुसरी मी. काल गावलेली वही रातभर ठेवन घेतलंय."

तिने काडीपासून सगळं सांगितलं. वास, आमटी-भात, मंगेशचा चुकलेला धीर, शिवाचा चहा. गुरुप्रसाद एकदा तिच्याकडे, एकदा धोंडूकडे बघत होता.

"म्हणजे ती उजवी माझी न्हय?" धोंडूने विचारलं. आवाजात आशा होती आणि आशेला लाज वाटत होती.

"न्हय. माझी. तुझ्या प्रश्नाक देवान उत्तर दिल्यानच नाय. लावलेच नाय तुझे पाकळ्ये."

"मगे तू काय इचारललंस?"

तव्यावर तेल धुरावलं. गोदूबाईने तवा उतरवला, हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"इचारलंय, गुरू माझ्याकडे जेवूक परत येतलो काय."

धोंडूने पेला खाली ठेवला.

"गुरू?" धोंडू हळूच म्हणाला. "एकटोच?"

"एकटोच. तुझा नाव घेवक नाय मी."

धोंडूचा चेहरा लाल झाला. मग तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग बाक, मग टेबलावरचे पेले. "अठ्ठावीस वर्सां शेपटी खातंय गो मी! तुका वाटला, माका कळणा नाय? काटे काडून काडून माझी जीभ शिंप्याची सुई झाली!"

"माका म्हायत होता तुका म्हायत आसा ता!"

"मगे एकदा तरी मदली देवची होतीस!"

"कित्याक देव? तुका तो होतो मा!"

हे बोलून गेल्यावर गोदूबाईने तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि विचित्र गोष्ट अशी, की तिला हलकं वाटत होतं.

गुरुप्रसाद आता धोंडूकडे वळला. बँकेत खोटी नोट सापडली की तो असाच शांत व्हायचा, असं त्याचे सहकारी सांगतात.

"देवाक इचारलंस. मंगेशाक इचारलंस. माका कित्याक नाय इचारलंस?"

धोंडू नखाने टेबल कोरत राहिला. "तू खोटा सांगशीत, म्हणान न्हय. तू खरा सांगशीत, म्हणान."

"इचार आता."

"आता? हिच्यासमोर?"

"हिच्यासमोर. हिचीच पाकळी वापरलंस, मगे हिका बाहेर खंय काडतंस?"

धोंडूने नख टेबलावरून उचललं. "थंय तुझा मन... दुसऱ्या कोणार..."

"वाच," म्हणत गुरुप्रसादने वही उघडून त्याच्यासमोर सरकवली आणि स्वतःचा चष्माही काढून दिला.

धोंडू बोट ठेवून वाचू लागला. टबाची कड. गुडघा. दांडी. भात. खुर्च्या. बोट 'दोनदा विचारणे'वर आलं आणि तिथेच थांबलं. तो त्या दोन शब्दांवर इतका वेळ राहिला, की गोदूबाईला तवा परत चुलीवर ठेवून, तेल सोडून, सुरमई उलटायलाही वेळ मिळाला.

"मी नाचणार नाय," शेवटी तो म्हणाला.

"हां," गुरुप्रसाद म्हणाला. "ह्या एकदा झाला."

गोदूबाईने तोंड चुलीकडे फिरवलं. धूर डोळ्यांत गेला होता, निदान शुक्रवारपुरतं तरी तसंच समजावं.

"आणि परतीचो रकानो?" तिने तशीच पाठमोरी राहून विचारलं. "तो मोकळो ठेवलास ता?"

गुरुप्रसाद वहीतून वर बघत गोंधळून म्हणाला, "नाना म्हणालो, पावसाळो संपासर राव. तारीख ठरना म्हणान मोकळो. तुका काय वाटला?"

"माका काय वाटूचा नाय," गोदूबाई म्हणाली.

बाहेर कुडाळला जायच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. धोंडूने ओरडून सांगितलं, थांब रे, जेवतो! आमटी-भाताची भाषा त्याने काढली नाही. देवाकडे घातलेली गोष्ट त्याच्यापुरती मिटली होती, किंवा कधी घातलीच गेली नव्हती. दोन्हींत मासळी चालते.

गोदूबाईने दोन ताटं आणली. एक धोंडूसमोर ठेवलं. त्यात सुरमईची मधली तुकडी होती, तळहाताएवढी, कडेला कुरकुरीत. धोंडूने ती आधी बोटाने ढकलून बघितली, खरीच आहे का म्हणून.

गुरुप्रसादने आपल्या ताटात बघितलं. मग तिच्याकडे.

"गोदूबाय, माका शेपटी?"

"परत ये," ती म्हणाली, "मगे मदली देतंय."